तिकीट फोनमध्ये, अप्पा जर्मनीत

किस्से मुद्दाम जमवावे लागत नाहीत. डब्यात शेंगांची टरफलं साठतात तसे ते आपोआप साठतात, आणि रिटायर झाल्यावर झाडून काढायला वेळ मिळतो.

आम्ही चौघे रेल्वेतले. दर रविवारी सकाळी सोलापूर स्टेशनसमोरच्या हॉटेलात बसतो. मी रिझर्वेशनच्या खिडकीत एकोणतीस वर्षं काढली. सलीमभाई गार्ड होते. नरसय्या पार्सल ऑफिसात. आणि अप्पा, मूळचा मैंदर्गीचा, चौतीस वर्षं टीसी. चौघांचीही भाकरी कागदावर चालली. फॉर्म, पास, लेबल, चार्ट. आता चौघांचीही पोरं परदेशात आहेत आणि तिकडे रेल्वेचं तिकीट म्हणजे फोनमधला एक काळा-पांढरा चौकोन. कागद नाहीच!

आमचं तिघांचं कसंबसं जमलं. प्रश्न होता अप्पाचा. त्याची मुलगी शैला जर्मनीत. तिला मुलगी झाली तेव्हा बाळंतपणाला शांताबाई वहिनी एकट्या गेल्या. सातवी पास बाई, टीसी दिसला की फोन पुढे करत तीन गाड्या बदलून पोचल्या. अप्पा गेला नाही. पुढे शैलाचं इकडे येणं दोनदा ठरलं आणि दोनदा रद्द झालं. नात चिनू तीन वर्षांची झाली तरी अप्पानं तिला कधी हातात घेतलं नव्हतं.

"मला युरोप-बिरोप काय बघायचं न्हाय," तो म्हणायचा. "पोरीला एकदा मांडीवर बसवलं की झालं. पण हातात तिकीट नसताना गाडीत पाय ठेवू व्हय मी? चौतीस वर्षं ज्यास्नी खाली उतरवलं ती माणसं काय म्हणतील?"

त्याचं मन वळावं म्हणून आम्ही त्याला आपापले अनुभव सांगायचो. त्याचा उपयोग काय झाला ते तुम्हीच बघा.

*

आधी माझं सांगून टाकतो, म्हणजे बाकीच्यांची टिंगल करायला मोकळा.

मुलगा ऑस्ट्रेलियात. त्याच्याकडे जायचं ठरलं तेव्हा मुंबईपर्यंतचं तिकीट मी स्वतः फोनवर काढणार, असं घरात जाहीर केलं. सकाळी आंघोळ करून बसलो. आधी रिझर्वेशनचा छापील फॉर्म घेतला. जुन्या फॉर्मचा एक गठ्ठा घरात आहे, वाणसामानाच्या यादीला बरा पडतो. फॉर्म भरला, सही केली, समोर ठेवला आणि त्यात बघून फोनमध्ये उतरवायला लागलो. अर्ध्यावर आल्यावर दिसलं की बायकोच्या वयाचा रकाना रिकामा आहे. सवयीनं लाल पेनानं तिथं गोल केला आणि फॉर्म बाजूला सारला.

"काय झालं?" बायकोनं विचारलं.

"फॉर्म अपुरा आहे. परत केला."

"कुणाला?"

मी फॉर्म परत पुढे ओढला. तोवर फोननं कळवलं की वेळ संपली, पुन्हा लॉगिन करा. पुन्हा सगळं पहिल्यापासून भरत आणलं तर एक वाजला. एक वाजला म्हणजे जेवणाची सुट्टी. मी फोन उपडा ठेवला आणि पाटावर जाऊन बसलो. जेवून, थोडं लवंडून परत फोन उचलला तेव्हा वेटिंग अडतीस झालं होतं.

बायको शांतपणे म्हणाली, "एकोणतीस वर्षं लोक तुम्हाला शिव्या का देत होते ते आज कळलं."

*

सलीमभाईंची मुलगी इंग्लंडमध्ये असते. गार्ड माणसाला आयुष्यभर पासावर फिरायची सवय. निवृत्तीनंतरही पास असतोच. तो त्यांनी प्लास्टिकच्या पाकिटात घालून कोटाच्या आतल्या खिशात ठेवलेला, तिकडेही.

मुलीनं त्यांच्या फोनमध्ये तिकीट पाठवलं, कुठं दाबायचं ते दाखवलं आणि गाडीत बसवून दिलं. वाटेत टीसी आला. सलीमभाईंना फोनची आठवणच राहिली नाही. हात सवयीनं आतल्या खिशात गेला आणि त्यांनी सोलापूरचा पास त्याच्या हातात ठेवला.

त्यानं पास उलटा केला, सुलटा केला, वरचा शिक्का बोटानं चाचपला. मग विचारलं, तुम्ही रेल्वेत होता का? सलीमभाई म्हणाले, गार्ड, छत्तीस वर्षं. त्यानं टोपी काढून हात मिळवला. त्याचे वडीलही गार्डच होते म्हणे. पुढच्या डब्यातून आपल्या जोडीदाराला बोलावून आणलं, त्यालाही पास दाखवला. दोघांनी सलीमभाईंना मध्ये घेऊन फोटो काढला.

"भोत पसंद आया उनकू," सलीमभाई सांगतात. "मैं बोला, चलो, अपनी बिरादरी है. फोटो हो गया, हात मिला लिये, सब हो गया. फिर बोला, अब टिकट दिखाव."

*

हे ऐकून अप्पा हसला, पण बोटं टेबलावर वाजवत बसला. म्हणाला, "फोनच दाखवायचा ना, मग त्यो सापडला नसता तर?"

म्हणून नरसय्यानं आपलं सांगितलं. ते सांगायला नको होतं.

नरसय्याचं घर सोलापूरच्या पूर्वभागात. घराण्यात सगळे चादरीचे विणकर, हा एकटा पार्सल ऑफिसात शिरला. लेबल नसलेल्या गाठोड्याचं काय होतं हे त्यानं जन्मभर पाहिलेलं. ते कोपऱ्यात पडतं, त्याला उंदीर लागतात आणि शेवटी त्याचा लिलाव होतो. मुलानं हॉलंडहून तिकिटाचा चौकोन पाठवल्यावर त्यानं तो दुकानातून छापून आणला, आठ प्रती. प्रत्येक बॅगेच्या दोन्ही बाजूंना खळीनं चिकटवला. त्याच्या बायकोनं शेंगाचटणीची बरणी वेगळ्या पिशवीत घेतली होती, त्या पिशवीलाही लावला.

तिकडे मुलगा न्यायला आला होता. गाडीत बसल्यावर टीसी आला. मुलगा म्हणाला, बाबा, फोन. फोन खाली पिशवीत होता, पिशवीच्या वर बॅग, बॅगेवर दुसरी बॅग. नरसय्यानं शांतपणे वरच्या फळीकडे बोट दाखवलं. टीसी उंच होता. त्यानं आपलं यंत्र चटणीच्या पिशवीला लावलं. यंत्र टींग वाजलं. तो थँक यू म्हणाला आणि गेला.

"बघितलंस?" नरसय्या मुलाला म्हणाला. "लेबल पायजेच."

मुलगा म्हणाला, "बाबा, चटणीचं तिकीट झालं. ती बसू दे, तुम्ही उभे राहा."

आम्ही पोट धरून हसलो. अप्पा हसला नाही. यात हसण्यासारखं काय आहे हे त्याला कळेना. त्यानं विचारलं, "छापून चालतंय व्हय तितं?" आणि घरी जाताना छपाईच्या दुकानाचा पत्ता लिहून घेतला.

*

पण जायचं नाव नाही. कधी गुडघा, कधी शेतातली ज्वारी काढायची, कधी व्हिसाचा फोटो नीट आला नाही. भित्यापाठी ब्रह्मराक्षस, आणि अप्पाच्या पाठी तर तो तिकीट मागत लागलेला.

मग एका रविवारी अप्पा आला तो चहाला हात न लावता बसून राहिला. आदल्या दिवशी शैलाशी बोलणं झालं होतं. चिनूच्या बालवाडीत बाईंनी मुलांना विचारलं, तुमचे आजोबा कुठे राहतात? कुणी गावाचं नाव सांगितलं, कुणी रस्त्याचं. चिनू म्हणाली, "माझा अज्जा फोनमध्ये राहतो. चार्जिंग संपलं की झोपतो."

शैला हे गंमत म्हणून सांगत होती. अप्पानं आम्हाला सांगताना चष्मा काढून पुसला. मलाही वाईट वाटलं.

"मी जातो," अप्पा म्हणाला. "तिकीट फोनमध्ये असू दे न्हाय तर मसणात असू दे."

*

मग शिकवणी सुरू झाली. हॉटेलातलं कोपऱ्यातलं टेबल म्हणजे डबा. अप्पा प्रवासी, मी टीसी. त्यानं फोन काढायचा, चौकोन उघडायचा, माझ्यापुढे धरायचा. एवढंच.

मी गेलो. "तिकीट, प्लीज."

अप्पानं फोन काढला, चौकोनही उघडला. मला बरं वाटलं. पण फोन पुढे करायच्या ऐवजी त्यानं मला खालून वर न्याहाळलं. "तुमचं नाव काय?"

"अरे, मी टीसी आहे."

"बिल्ला कुटं हाय? ओळखपत्र दाखवा. कुणी बी येऊन तिकीट मागंल, आमी दाखवायचं व्हय?"

मी म्हटलं, बरं, दिलं ओळखपत्र, आता तिकीट दाखव. तर म्हणाला, तुमच्या चार्टवर माझं नाव कुटं हाय ते आधी दाखवा. तीन रविवार हेच चाललं. तिसऱ्या रविवारी तर शेजारच्या टेबलावरचा एक गृहस्थ उठून आला आणि त्यानं मुकाट्यानं अप्पाला आपलं संध्याकाळचं पुण्याचं तिकीट दाखवलं. अप्पानं ते बघितलं, "ठीक हाय" म्हणाला, आणि परत दिलं. टीसी कोण हे सांगायला बिल्ला लागत नाही, एवढं मला त्या दिवशी समजलं.

*

अप्पा आणि वहिनी अखेर गेले. विमानतळावर शैला आणि जावई मल्लिनाथ न्यायला आले होते. मल्लिनाथ वळसंगचा, तिकडे कॉम्प्युटरमध्ये आहे. चिनू शैलाच्या कडेवर होती. घरात मराठीच बोलतात, त्यामुळे भाषेची अडचण नव्हती. वहिनींकडे ती पाच मिनिटांत गेली. अप्पानं हात पुढे केले तर तिनं तोंड फिरवलं.

"अज्जा कुठाय?" शैलानं विचारलं.

चिनूनं आईच्या फोनकडे बोट दाखवलं.

तिथून गाडीनं घरी जायचं होतं. स्टेशनात शिरताना कुणी अडवलं नाही, प्लॅटफॉर्मवर कुणी अडवलं नाही. गाडी आली. अप्पा दारापाशी थांबून डब्याच्या बाजूला चार्ट शोधत राहिला. वहिनी मागून म्हणाल्या, "चढा की हो! मागं लोक खोळंबल्यात."

बसला, पण जीव थाऱ्यावर नाही. अर्धा तास झाला, पाऊण तास झाला, कुणी तिकीट बघायला येईना. तिकीट काढलंय आणि कुणी बघत नाही, हे अप्पाला सोसेना. तो उठला आणि टीसी शोधत निघाला. तिसऱ्या डब्यात एक बाई सापडली. तिच्यापुढे त्यानं फोन धरला. तिनं यंत्र लावलं, टींग झालं. अप्पा हललाच नाही. बोटानं हवेत बरोबरची खूण काढून दाखवत राहिला. चार्टवर नावापुढे पेनाची खूण झाल्याशिवाय प्रवासी तपासला असं त्यानं कधी मानलं नव्हतं.

बाई हुशार होती. तिनं खिशातून पेन काढलं आणि अप्पाच्या उजव्या तळहातावर बरोबरची खूण केली.

जागेवर येऊन त्यानं हात सगळ्यांना दाखवला. वहिनी सांगतात, रात्री जेवताना अप्पानं चमचा मागितला. जन्मात पहिल्यांदा!

*

चौथ्या दिवशी अप्पाचा मला फोन आला. मी विचारलं, काय काय बघितलंस? म्हणाला, "काय न्हाय बापू. पोरगी जवळ येत न्हाय. खाऊ दिला की घेती आन आईमागं जाती."

"येईल रे. थोडे दिवस जाऊ देत."

"व्हय. येईल की." आणि हवापाण्याचं बोलत बसला.

माझा फोन ठेवल्यावर गंमत म्हणून त्यानं दुसऱ्या खोलीत जाऊन घरातच शैलाला व्हिडिओ कॉल लावला. फोनवर चिनू खुदखुदून हसली, अज्जा अज्जा करून फोनला पापी दिली. अप्पा आनंदानं फोन घेऊनच बाहेर आला. त्याला दारात बघताच ती सोफ्यामागे पळाली.

*

दुसऱ्या आठवड्यात सगळे मिळून दुसऱ्या शहरात निघाले. समोर एक गोरा तरुण बसला होता. दहा मिनिटं त्याच्याकडे बघून अप्पा वहिनींच्या कानाशी लागला. "ह्याच्याकडं तिकीट न्हाय."

शैलानं ऐकलं. "बाबा, गप्प बसा हो."

"बघ तू. पुस्तक उघडलंय, पान उलटत न्हाय. दर स्टेशनाला दाराकडं बघतोय. विदाउट हाय."

विदाउट म्हणजे तिकिटाशिवायचा प्रवासी. चौतीस वर्षांची नजर होती, आम्ही ती पाहिलेली आहे. भरल्या डब्यातून नेमका माणूस उचलायचा. टीसी आला. तरुणानं फोन काढला. टींग. हिरवा दिवा. अप्पाचा चेहरा उतरला. "म्हातारा झालो बघ," असं वहिनींना म्हणाला.

मग वहिनींचं झालं, शैलाचं झालं, अप्पाचं झालं. मल्लिनाथानं स्वतःचं तिकीट सवलतीच्या कार्डावर वेगळं काढलं होतं. त्यानं फोन पुढे केला. यंत्र वाजलं, पण टींग नाही, ट्यँ. टीसीनं पडदा त्याच्याकडे वळवून दाखवला. तारीख उद्याची होती.

मल्लिनाथ लालबुंद झाला. जावईमाणूस, त्यात सासू समोर. आपलेच दात आणि आपलेच ओठ. टीसीही चांगला होता, जाऊ दे म्हणण्याच्या बेतात दिसत होता. तेवढ्यात अप्पा उभा राहिला.

"पावती फाडा," तो टीसीला मराठीत म्हणाला. त्या माणसाला काय कळलं कुणास ठाऊक, पण त्यानं लगेच पावतीचं यंत्र काढलं.

परत आल्यावर अप्पानं आम्हाला हे रंगवून सांगितलं. "विदाउट डब्यात हाय हे मी बरुबर वळखलं होतं. फक्त सीट चुकली."

*

शेवटचा किस्सा अप्पानं आजवर सांगितलेला नाही. तो शांताबाई वहिनींनी आमच्याकडे हुरड्याला आल्या तेव्हा सांगितला. अप्पा शेजारी बसून कणसं चोळत होता आणि ऐकू येत नसल्यासारखं दाखवत होता.

तिसरा आठवडा संपत आला होता, चार दिवसांनी परतीचं विमान. एका तळ्यावर जायला सगळे गाडीत बसले. मध्ये टेबल, एका बाजूला अप्पा आणि वहिनी, समोर शैला आणि चिनू. पलीकडच्या बाकावर मल्लिनाथ. चिनू तोवर अप्पाला लाजत नव्हती, पण मध्ये टेबलाएवढं अंतर ठेवूनच असायची.

टीसी आली. शैलाचं टींग, वहिनींचं टींग, अप्पाचं टींग, मल्लिनाथाचंही टींग. चिनूनं आपला रिकामा तळवा पुढे धरला होता. टीसी तिच्याकडे बघून हसली आणि पुढे गेली.

"माझं?" चिनू म्हणाली.

"तू लहान आहेस ना," शैला म्हणाली. "लहान मुलांना तिकीट लागत नाही."

चिनूचा ओठ खाली आला आणि तिनं भोकाड पसरलं. सगळ्यांचं बघितलं, माझंच नाही! मल्लिनाथानं फोनवर कार्टून लावून दिलं, तिनं फोन ढकलला. वहिनींनी बिस्किट काढलं, तेही ढकललं. डब्यातले लोक माना वळवायला लागले.

अप्पानं पावाच्या कागदी पिशवीचा कोपरा फाडला. टेबलावर ठेवून तळव्यानं सपाट केला. खिशातलं पेन काढलं आणि सावकाश लिहायला लागला. चिनूचं पूर्ण नाव, चिन्मयी. वय तीन. डब्याचा नंबर दारावर बघून घातला. सीटचा नंबर घातला. खाली सही केली आणि कागद तिच्यापुढे सरकवला. रडणं थांबलं. तिनं तो दोन्ही हातांत धरला.

अप्पा उठला. स्वेटरची बटणं लावली, केसांवरून हात फिरवला आणि डब्याच्या टोकापर्यंत चालत गेला. तिथून वळला. दोन्ही बाजूंच्या सीटा बघत, सावकाश, एकेक पाऊल टाकत परत आला. आपल्या टेबलापाशी थांबला.

"तिकीट दाखवा," तो म्हणाला. वहिनी म्हणतात, नोकरीतला आवाज. इतक्या वर्षांत त्यांनीही तो ऐकला नव्हता, कारण घरी तो कधी काढलाच नव्हता.

चिनूनं कागद पुढे केला. अप्पानं चष्मा नाकावर ओढला. कागद एका बाजूनं बघितला, दुसऱ्या बाजूनं बघितला. सीटवरचा नंबर वाकून वाचला. मग मान हलवली.

"मॅडम, ही सीट तुमची न्हाय."

चिनूनं आईकडे पाहिलं.

अप्पा आपल्या जागेवर येऊन बसला आणि मांडीवर हात थोपटला. "तुमची सीट हितं हाय."

चिनू घसरत खाली उतरली. टेबलाला वळसा घालून आली, अप्पाच्या हातातलं तिकीट काढून घेतलं आणि मांडीवरच्या आपल्या सीटवर चढून बसली.